कंपनीने शेअर स्प्लिट केला. जुन्या भागधारकाने काय बघायचं?

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत पंचवीस-तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या माणसांच्या घरी शेअर हमखास सापडतात. ते रोजच्या खरेदी-विक्रीसाठी घेतलेले नसतात. कुणी नोकरीत असताना आपल्याच कंपनीचे घेतले, कुणी 'आपल्या ओझरची कंपनी' म्हणून २०१८ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या, म्हणजे एचएएलच्या, आयपीओत (पहिल्या जाहीर शेअर विक्रीत) अर्ज भरला आणि शेअर मिळाल्यावर तसेच ठेवून दिले. अशा घरात एक दिवस 'तुमच्या कंपनीने स्प्लिट जाहीर केला आहे' असा मेसेज येतो. मग कुणाला वाटतं घबाड मिळालं, कुणाला वाटतं भाव कोसळला.

हे मेसेज अलीकडे वाढले आहेत. एचएएलने सप्टेंबर २०२३ मध्ये, कोचीन शिपयार्डने जानेवारी २०२४ मध्ये, माझगाव डॉकने डिसेंबर २०२४ मध्ये आणि बीईएमएलने नोव्हेंबर २०२५ मध्ये १० रुपयांच्या एका शेअरचे ५ रुपयांचे दोन शेअर केले. खासगी कारखानदारीत आयशर मोटर्सने २०२० मध्ये एकाचे थेट दहा केले.

माझं म्हणणं आधीच सांगतो. स्प्लिटमुळे वर्षानुवर्षं शेअर धरून बसलेल्या माणसाची संपत्ती वाढत नाही आणि घटतही नाही. बदलतात त्या त्याच्या नोंदी. त्या नोंदी सांभाळल्या नाहीत, किंवा त्या बदलाचा अर्थ न कळून घाईत काही केलं, की मग खरोखरचं नुकसान होतं.

दर्शनी मूल्य म्हणजे काय?

प्रत्येक शेअरला दोन किमती असतात. बाजारात रोज बदलतो तो भाव. आणि कंपनीच्या भागभांडवलाच्या हिशेबात लिहिलेली, रोज न बदलणारी किंमत म्हणजे दर्शनी मूल्य, बोलताना आपण फेस व्हॅल्यू म्हणतो ती. बहुतेक कंपन्यांत ते १०, ५, २ किंवा १ रुपया असतं. बाजारात शेअर ५०० ला मिळो की ५,००० ला, हा आकडा तोच राहतो.

स्प्लिट म्हणजे या दर्शनी मूल्याचे तुकडे करणं. १० रुपयांचा एक शेअर असेल तर त्याचे २ रुपयांचे पाच होतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ६१ मध्ये याची तरतूद आहे. संचालक मंडळ ठराव करतं, भागधारक मंजुरी देतात, मग कंपनी एक तारीख ठरवते. त्या दिवशी ज्याच्या नावावर शेअर, त्याला नव्या हिशेबाने शेअर. या तारखेला रेकॉर्ड डेट म्हणतात.

नाशिककरांना हे द्राक्षाच्या खोक्यावरून चटकन कळेल. निफाड-दिंडोरीच्या पॅकहाउसमध्ये निर्यातीचा पाच किलोचा खोका भरताना त्यात अर्ध्या किलोचे दहा पनेट, म्हणजे छोटे डबे, बसवतात. माल तोच, वजन तेच, गोडीही तीच. ज्याला पाच किलो एकदम परवडत नाही तो आता एक पनेट घेऊ शकतो, एवढाच फरक. खोका ज्याच्या मालकीचा होता त्याच्याकडे आता दहा डबे आहेत, पण द्राक्षं पाचच किलो आहेत.

आकडे मांडून बघू

अंबडमधली एक काल्पनिक कंपनी घ्या. गाड्यांचे सुटे भाग बनवते. दर्शनी मूल्य १० रुपये, एकूण शेअर १ कोटी, म्हणजे भागभांडवल १० कोटी. वर्षाचा नफा २० कोटी, म्हणजे दर शेअरमागे २० रुपये. बाजारात भाव ५००. तुमच्याकडे २०० शेअर आहेत, त्यांची किंमत १ लाख.

कंपनीने १० चे २ केले. आता शेअर झाले ५ कोटी. भागभांडवल १० कोटीच. नफाही २० कोटीच, पण तो ५ कोटी शेअरांत वाटला गेल्याने दर शेअरमागे ४ रुपये. भाव ५०० वरून १०० च्या आसपास येतो. तुमच्याकडे १,००० शेअर, किंमत १ लाख. पूर्वी तुम्ही १ कोटीतल्या २०० चे मालक होता, आता ५ कोटीतल्या १,००० चे आहात. हिस्सा एका कणानेही हललेला नाही, आणि मतदानाचा हक्कही त्याच प्रमाणात राहिला.

लाभांशाकडे मात्र जरा थांबून बघा, कारण फसगत इथे होते. आपल्याकडे कंपन्या लाभांश टक्क्यांत सांगतात आणि तो टक्का दर्शनी मूल्यावर असतो, बाजारभावावर नव्हे. आपल्या कंपनीने ६० टक्के लाभांश दिला तर १० रुपयांच्या शेअरवर ६ रुपये, २०० शेअरांवर १,२०० रुपये. स्प्लिटनंतर तेच ६० टक्के २ रुपयांवर लागतात, म्हणजे दर शेअरला १ रुपया २० पैसे. १,००० शेअरांवर पुन्हा १,२०० रुपये. पण पुढच्या वर्षी कंपनीने टक्का ६० वरून ५० वर आणला, तरी शेअर पाचपट झाल्याच्या आनंदात ही कपात कुणाच्या लक्षात येत नाही. आणि कुठल्याशा कंपनीचा '३०० टक्के लाभांश' वाचून हुरळून जाण्याआधी दर्शनी मूल्य बघा. ते २ रुपये असेल तर मिळणार ६ रुपयेच. बँकेत किती जमा झाले याची दोन वर्षांची बेरीज शेजारी-शेजारी मांडा. टक्के बाजूला ठेवा.

"सकाळी मोबाइल बघितला तर पैसे पाचव्या हिश्श्यावर आले!"

हे खरंच दिसतं, आणि त्यात मोबाइलचा बिघाड नसतो. स्प्लिट लागू होण्याच्या दिवशी सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो तोच नव्या भावाने. आपल्या उदाहरणात १०० च्या आसपास. पण तुमच्या डिमॅट खात्यात, म्हणजे शेअर संगणकावरच्या नोंदीने जिथे जमा असतात तिथे, त्या क्षणी अजून जुने २०० शेअरच दिसत असू शकतात. ॲप दोन्हींचा गुणाकार करतं आणि लाल अक्षरांत दाखवतं: किंमत २०,०००, तोटा ८० टक्के.

यामागचं कारण कळलं की धडधड थांबते. डिमॅटमध्ये प्रत्येक शेअरला १२ अक्षर-अंकांचा एक ओळख क्रमांक असतो, त्याला आयसिन म्हणतात. दर्शनी मूल्य बदललं की जुना आयसिन बंद होतो आणि नवा मिळतो. जुने शेअर काढून नव्या क्रमांकाचे शेअर जमा करायला एखाद-दोन दिवस जातात. तेवढ्या वेळात नवा भाव आणि जुनी संख्या एकत्र दिसते. शेअर जमा झाले की आकडा जागेवर येतो. तोवर काही करू नका. घाबरून कुणाला फोन करायचाच असेल तर तो ब्रोकरच्या कार्यालयात करा. अशा दिवशी 'तुमचे शेअर परत मिळवून देतो' म्हणणारे अनोळखी फोनही येतात, त्यांना ओटीपी वगैरे काही सांगू नका.

'अमुक भाव आला की विक' अशी कायमची ऑर्डर लावून ठेवली असेल तर ती बहुतेक ब्रोकर स्प्लिटच्या वेळी रद्द करतात. ती नव्या भावाने पुन्हा लावावी लागते. शेअर एका ब्रोकरकडून दुसऱ्याकडे हलवलेले असतील तर ॲपमधला 'सरासरी खरेदी भाव' चुकीचा किंवा रिकामा असू शकतो. तो स्वतः तपासा.

मग कंपनी हा खटाटोप करतेच कशाला?

आपल्याकडे अर्धा किंवा पाव शेअर विकत घेता येत नाही. शेअरचा भाव ३०,००० असेल तर ३०,००० हीच किमान रक्कम. महिन्याला दोन-तीन हजार बाजूला टाकणारा माणूस तिथे दारातच अडतो. भाव खाली आणला की असे खरेदीदार येतात आणि रोजची उलाढाल वाढते.

मधल्या आकाराच्या कारखानदारी कंपन्यांत हे जास्त महत्त्वाचं असतं. प्रवर्तक, म्हणजे कंपनी उभी करून चालवणाऱ्या, कुटुंबाकडे नियमाने जास्तीत जास्त ७५ टक्के शेअर असू शकतात, आणि कित्येक कंपन्यांत ते त्याच्या जवळपास असतात. उरलेल्यांतले पुष्कळसे जुन्या भागधारकांकडे पडून. रोज फिरणारे शेअर इतके थोडे की घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा भाव यात चांगलंच अंतर पडतं. शेअरांची संख्या वाढली की ते अंतर कमी व्हायला मदत होते, आणि पुढेमागे विकणाऱ्याला त्याचा फायदा मिळतो.

जुन्या भागधारकाला होणारा खरा फायदा मला याहून साधा वाटतो. तुमच्याकडे ३०,००० भावाचे २० शेअर आहेत आणि मुलीच्या फीसाठी ४०,००० हवेत. एक विकला तर कमी पडतात, दोन विकले तर जास्त विकले जातात. एकाचे दहा झाले असतील तर जवळपास हवे तेवढेच विकता येतात. वाटण्यांतही तेच. पाच शेअर तीन मुलांत सारखे कसे वाटणार? पंचवीस झाले की आठ, आठ आणि नऊ अशी तडजोड घरातल्या घरात होते.

"पण स्प्लिट झाला की भाव वाढतोच, आम्ही बघितलंय"

बघितलं ते खोटं नाही. फक्त क्रम उलटा लावला जातो. कंपन्या स्प्लिट करतात तो बहुधा भाव आधीच खूप वाढल्यावर. अमेरिकेत फामा, फिशर, जेन्सन आणि रोल या चौघांनी १९६९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. न्यूयॉर्क शेअर बाजारातले १९२७ ते १९५९ या काळातले ९४० स्प्लिट त्यांनी तपासले. बाजाराच्या तुलनेत जी जास्तीची वाढ होती ती स्प्लिटच्या आधीच्या महिन्यांत होऊन गेलेली होती, नंतर सरासरीने वेगळी वाढ उरली नाही. त्यांनी पुढे एक मोलाची गोष्ट दाखवली. ज्या कंपन्यांनी स्प्लिटनंतर लाभांश वाढवला त्यांचे भाव टिकले, ज्यांचा लाभांश घसरला त्यांचे खाली आले. बाजार स्प्लिटकडे 'पुढे कमाई बरी राहणार' असा संकेत म्हणून बघतो आणि तो संकेत खरा ठरतो की नाही याची वाट बघतो.

आपल्या जवळचं उदाहरण एचएएलचं. २९ सप्टेंबर २०२३ ला स्प्लिट लागू झाला तेव्हा चार हजारांच्या खाली असलेला शेअर दोन हजारांच्या खाली दिसू लागला. जुलै २०२४ मध्ये तोच साडेपाच हजारांच्या वर गेला. हे बघून 'स्प्लिटने कमाल केली' असं अनेकांनी म्हटलं. पण मार्च २०२५ च्या सुमारास तो साडेतीन हजारांच्याही खाली होता, आणि त्या घसरणीचं खापर कुणी स्प्लिटवर फोडलं नाही. दोन्हीचा संबंध हातातल्या ऑर्डर, विमानं वेळेवर देता येणं आणि संरक्षण क्षेत्रातल्या एकूण उत्साहाशी होता. डिसेंबर २०२४ मध्ये १२ सुखोई-३० एमकेआय विमानांचा सुमारे १३,५०० कोटींचा करार झाला, ती विमानं बनवायची नाशिक विभागात. १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरच्या नव्या जुळणी मार्गावरचं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. कंपनीची किंमत अशा गोष्टींनी ठरते. दर्शनी मूल्य १० होतं की ५, याने त्या मार्गावरून एक विमानही लवकर बाहेर पडत नाही.

कारखान्याच्या कंपनीत हे आणखी ठळकपणे लक्षात ठेवायला हवं. स्प्लिटमधून कंपनीला एक रुपयाही मिळत नाही. नवी सीएनसी मशीन, नवी भट्टी, सिन्नरला घेतलेली जागा, यांचे पैसे नफ्यातून, कर्जातून किंवा नवे शेअर विकून उभे करावे लागतात. यातला शेवटचा मार्ग तुमचा हिस्सा खरोखर पातळ करतो. कंपनीने मोठ्या गुंतवणूकदारांना नवे शेअर दिले की एकूण शेअर वाढतात आणि तुमचे तेवढेच राहतात. शेअरांची संख्या वाढल्याची बातमी वाचली की पहिला प्रश्न हा: माझेही त्याच प्रमाणात वाढले का? वाढले असतील तर स्प्लिट किंवा बोनस (बोनसचं पुढे सांगतो). नसतील तर तो पैसा कुठे जाणार आहे ते वाचा.

एक इशारा इथे द्यायलाच हवा. नफा नाही, ऑर्डर नाहीत, तरी शेअर एकाचे दहा करायचे आणि 'फक्त १२ रुपयांत मल्टिबॅगर' (कित्येक पट वाढणारा शेअर) असा गाजावाजा करून प्रवर्तकांनी आपले शेअर बाहेर काढायचे, हे बाजारात घडत आलं आहे. कमी भाव म्हणजे स्वस्त कंपनी नव्हे. स्वस्त की महाग हे भाव आणि दर शेअरमागचा नफा यांच्या गुणोत्तरावरून बघायचं. आपल्या उदाहरणात ते आधी ५०० भागिले २० म्हणजे २५ होतं, नंतर १०० भागिले ४, म्हणजे २५ च. आणि गेल्या वर्षीशी तुलना करताना कंपनीच्या निकालपत्रातला दर शेअरमागचा नफा वापरा. हिशेबाच्या नियमांप्रमाणे तिथे मागच्या वर्षांचे आकडेही नव्या संख्येनुसार बदलून छापावे लागतात. जुन्या अहवालातला २० आणि नव्यातला ४ समोरासमोर ठेवाल तर धंदा बुडाला असंच वाटेल.

बोनस वेगळा, आणि करात तर फारच वेगळा

स्प्लिट आणि बोनस यांची गल्लत सगळ्यांत जास्त होते, कारण दोन्हीत शेअर वाढतात आणि भाव उतरतो. बोनसमध्ये दर्शनी मूल्य बदलत नाही. कंपनी आपल्या राखीव निधीतली रक्कम भागभांडवलात वळवते आणि त्यापोटी नवे शेअर देते. संपत्तीच्या दृष्टीने इथेही काही वाढत नाही. प्राप्तिकर मात्र दोघांकडे निरनिराळ्या नजरेने बघतो.

समजा तुम्ही एप्रिल २०१९ मध्ये १०० शेअर ४०० रुपयांनी घेतले. खर्च ४०,०००. अलीकडे एकाचे दोन झाले आणि आता नव्या शेअरचा भाव ६०० आहे. सगळे २०० शेअर विकले तर १,२०,००० मिळतात. नफा ८०,०००.

हे दोनाचे स्प्लिटने झाले असतील तर सगळ्या २०० शेअरांची खरेदी तारीख एप्रिल २०१९ च आणि खरेदी किंमत प्रत्येकी २००. वर्षापेक्षा जास्त काळ धरलेले, म्हणून पूर्ण ८०,००० दीर्घ मुदतीचा नफा. २३ जुलै २०२४ पासून असा नफा वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त आहे, त्यापुढच्या रकमेवर १२.५ टक्के कर. दुसरा असा नफा नसेल तर कर शून्य.

तेच १:१ (एका शेअरमागे एक नवा) बोनसने झाले असतील आणि बोनस मिळून वर्ष झालेलं नसेल, तर मूळ १०० शेअरांवर २०,००० दीर्घ मुदतीचा नफा. बोनसच्या १०० शेअरांची खरेदी किंमत शून्य आणि तारीख ते मिळाल्याची. म्हणजे ६०,००० पूर्णच्या पूर्ण अल्प मुदतीचा नफा, त्यावर २० टक्के. इतर उत्पन्न करपात्र असेल तर १२,००० रुपये कर, वर सेस. नफा दोन्हीकडे तेवढाच. काही महिने थांबला असता तर हा कर वाचला असता, हे विकून झाल्यावर कळतं तेव्हा फार हळहळ वाटते. थोडेच विकायचे असतील तर चिंता कमी, कारण डिमॅटमध्ये आधी आलेले शेअर आधी गेले असं धरतात.

महिंद्रा अँड महिंद्राचे शेअर नाशिकमधल्या बऱ्याच घरांत आहेत, म्हणून त्यांचंही सांगतो. मार्च २०१० मध्ये १० चे ५ असा स्प्लिट झाला आणि डिसेंबर २०१७ मध्ये १:१ बोनस. त्या स्प्लिटच्या आदल्या दिवशी हाती असलेले १०० शेअर आज ४०० आहेत. त्यातले २०० बोनसचे, खरेदी किंमत शून्य. पण ते ३१ जानेवारी २०१८ च्या आधीचे असल्याने त्या दिवशीचा बाजारातला सर्वोच्च भाव खरेदी किंमत म्हणून धरण्याची सवलत त्यांनाही मिळते, अर्थात विक्रीच्या भावापेक्षा जास्त नाही. ज्या कंपनीचा स्प्लिट त्या तारखेनंतर झाला तिथे तो भावही स्प्लिटच्या प्रमाणात भागून घ्यावा लागतो. विवरणपत्र भरताना नेमका हा भागाकार राहून जातो.

"मग एमआरएफ का करत नाही?"

एमआरएफचा शेअर जून २०२३ मध्ये एक लाखाच्या पुढे गेला, दर्शनी मूल्य १० रुपयेच. सातपूरला कारखाना असलेल्या बॉशचंही दर्शनी मूल्य १० आणि भाव दहा हजारांच्या कितीतरी वर. स्प्लिट करायची सक्ती कुणावर नाही. भाव चढा राहिला तर झटपट खेळणारे लांब राहतात आणि भागधारक टिकून राहतात, असा विचार काही व्यवस्थापनं करतात. त्यात चूक काही नाही. त्यांच्या भागधारकांचं काही बिघडलेलंही नाही.

सरकारी कंपन्यांना मात्र केंद्राने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत: सलग सहा महिने बाजारभाव दर्शनी मूल्याच्या १५० पटींवर राहिला तर स्प्लिटचा विचार करावा, आणि दोन स्प्लिटमध्ये किमान तीन वर्षांचं अंतर असावं. एचएएलच्या ५ रुपयांच्या शेअरला १५० पट म्हणजे ७५० रुपये. तेवढ्यावरून 'आता स्प्लिट येणारच' असे मेसेज फिरतात. 'विचार करावा' याचा अर्थ 'होणार' असा होत नाही, आणि झाला तरी वर मांडलेला हिशेब तोच राहतो.

कपाटात कागदी शेअर असतील तर

याची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. डिमॅटमध्ये स्प्लिट आपोआप होतो. कागदी प्रमाणपत्रांचं तसं नाही. पूर्वी स्प्लिट झाला की कंपन्या नवी प्रमाणपत्रं नोंदणीकृत पत्त्यावर पाठवायच्या. तो पत्ता कित्येकदा कंपनीच्या जुन्या वसाहतीतला किंवा सिडकोतल्या भाड्याच्या खोलीचा. पाकीट परत गेलं आणि घरात राहिलं ते १० रुपये दर्शनी मूल्याचं, आता रद्द झालेलं प्रमाणपत्र. वारसांना ते सापडतं तेव्हा '५० शेअर' एवढंच दिसतं. मधल्या स्प्लिट-बोनसमुळे ते आज कित्येक पट असू शकतात, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

प्रमाणपत्रावर फोलिओ क्रमांक, म्हणजे कंपनीच्या नोंदीतला तुमचा खाते क्रमांक, असतो. तो घेऊन कंपनीच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, आजची शिल्लक विचारा. रजिस्ट्रारचं नाव कंपनीच्या संकेतस्थळावर आणि वार्षिक अहवालात असतं. पॅन, पत्ता, बँक खातं आणि वारस नोंद अद्ययावत करून शेअर डिमॅटमध्ये आणा, कारण १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याला विकता येत नाहीत. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नसेल तर शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. तिथून ते परत मिळतात. आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरायचा आणि कागदपत्रं कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवायची. अर्जात शेअरांची संख्या लिहिताना प्रमाणपत्रावरची लिहू नका. रजिस्ट्रारने कळवलेली, सगळे स्प्लिट आणि बोनस धरून आलेली संख्या लिहा.